चार कोटी अंकांचा ताळा

पेढीवर दिवस मावळू लागला की एक प्रश्न ठरलेला असतो : ताळा जमला का? दिवसभराची उलाढाल हजारांची असो वा लाखांची, रोजमेळ आणि हाताशी असलेली रोकड यांत रुपयाचाही फरक राहिला, तर दिवाणजी घरी जात नाहीत. फरक रुपयाचा असला तरी चिंता त्या रुपयाची नसते. एक रुपया जुळत नाही याचा अर्थ कोठेतरी एक नोंद खोटी आहे, आणि ती कोणती हे सापडेपर्यंत सारी कीर्दच संशयाखाली असते. व्यापारी घराण्यांची पत या सायंकाळच्या हिशेबावर उभी राहिलेली आहे.

आता एका अशा संख्येचा विचार करू, की जिचा ताळा मांडण्यास जगातील कोणतीही वही पुरणार नाही. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी एक मूळ संख्या सिद्ध झाली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. एका पानावर चार हजार अंक छापले, तर तिच्यासाठी दहा हजारांहून अधिक पाने लागतील. तिच्याविषयीचा दावा मात्र एका ओळीत मावतो : एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. चार कोटी अंकांची संख्या आणि तिला एकही भागीदार नाही! असा दावा कोणी करू धजले, तर चाणाक्ष व्यापारी पहिला प्रश्न हाच विचारील : कशावरून? ताळा कोणी पाहिला?

त्या ‘कशावरून’चे उत्तर पावणेचारशे वर्षांच्या परिश्रमातून आले आहे, आणि त्याचा बराचसा भाग तराजू आणि वजने समोर ठेवूनही समजतो.

न होणारी वाटणी

तीस पेट्या पाच भागीदारांत समान वाटता येतात, सहांत येतात, दहांतही येतात. एकतीस पेट्या मात्र कोणत्याही रीतीने समान वाटता येत नाहीत. एकतर सर्व एकाच्या, नाहीतर एकतीस जणांना एकेक. अशा संख्येस मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या तिच्या पहिल्या बहिणी. उरलेल्या प्रत्येक संख्येस मूळ संख्यांच्या गुणाकारात फोडता येते, आणि ती फोड एकच असते. म्हणून मूळ संख्या हे अंकगणिताचे भांडवल होय.

हे भांडवल कधी संपत नाही, असे ग्रीक गणिती युक्लिड याने इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षे दाखवून दिले. त्याची युक्ती सरळ आहे. सर्व मूळ संख्यांची यादी पुरी झाली असे कोणी म्हटले, तर त्या सर्वांचा गुणाकार करून त्यात एक मिळवावा. यादीतील कोणत्याही संख्येने या नव्या संख्येस भागले तर बाकी एक उरते. म्हणजे यादीबाहेरची निदान एक मूळ संख्या आहेच, आणि यादी अपुरी होती. अशा रीतीने मूळ संख्या अनंत आहेत हे ठरले. परंतु एखादी मोठी संख्या पुढे केली असता ती मूळ आहे की नाही, हे ठरविणे वेगळेच संकट आहे.

वजनांची बेरीज

तराजूच्या दुकानात पाच वजने आहेत असे समजा : १, २, ४, ८ आणि १६ किलोंची. प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट. एवढ्या पाच वजनांनी १ किलोपासून ३१ किलोंपर्यंत पूर्ण किलोंतील कोणताही माल तोलता येतो, आणि तोही प्रत्येक वेळी एकाच रीतीने. पाचही वजने पारड्यात टाकली की ३१ होतात. दोनचा पाचवा घात ३२. त्यातून एक वजा केला की ३१. वजने n असतील तर त्यांची बेरीज नेहमी दोनचा n वा घात वजा एक इतकी येते.

या बेरजांतील काही संख्या मूळ असतात. दोन वजनांची बेरीज ३, तिनांची ७, पाचांची ३१, सातांची १२७. या चारही मूळ आहेत. सहा वजनांची बेरीज ६३ मात्र मूळ नाही, आणि त्याचे कारण वजनांतच दिसते. सहा वजनांच्या तिना-तिनांच्या दोन जुड्या करा. पहिल्या जुडीची (१, २, ४) बेरीज ७. दुसरीची (८, १६, ३२) बेरीज ५६, म्हणजे सातची आठपट. दोन्ही जुड्यांना ७ ने भाग जातो, तेव्हा एकूण बेरजेलाही जाणारच. वजनांची संख्या जुड्यांत वाटता येत असेल, तर बेरीजही वाटता येते. म्हणून बेरीज मूळ हवी असेल, तर वजनांची संख्याही मूळच असली पाहिजे.

उलट बाजू मात्र खरी नाही. अकरा ही मूळ संख्या आहे; पण अकरा वजनांची बेरीज २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ आहे. फसगत होते ती येथे.

अशा बेरजा मूळ निघाल्या तर त्यांच्यापासून आणखी एक दुर्मीळ रत्न मिळते. वजनांतील शेवटच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या वजनाने त्या मूळ बेरजेस गुणावे. तीन वजनांची बेरीज ७, मोठे वजन ४, गुणाकार २८. आता २८ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ४, ७, १४ यांची बेरीज पुन्हा २८ च येते. जमा आणि खर्च तंतोतंत जुळलेल्या अशा संख्येस परिपूर्ण संख्या म्हणतात. ही रीत युक्लिडची. आणि सर्व सम परिपूर्ण संख्या याच रीतीने मिळतात, हे अठराव्या शतकात ऑयलरने सिद्ध केले.

शहाण्णव वेळा अर्धे

दुपटीचे आणि निमपटीचे हे गणित आपल्या परंपरेस परके नाही. अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांची संख्या सांगताना ती एकोणतीस स्थानांची, म्हणजे २९ अंकी, असल्याचे सांगितले आहे. आणि ती शहाण्णव वेळा अर्धी करता येते, अशी तिची ओळखही दिली आहे. दोनचा ९६ वा घात काढून पाहिला तर ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६ ही संख्या मिळते. अंक मोजावेत, ते बरोबर २९ भरतात. दोन वेगळ्या वर्णनांचा ताळा असा जमतो.

संख्या किती वेळा निम्मी करता येते, या मोजणीस नवव्या शतकातील आचार्य वीरसेन यांनी धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ हे नाव योजले आहे. आजच्या गणितात यालाच दोन या पायाचा लॉगरिथम म्हणतात. ही टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके जपली गेली, आणि तिचे मुद्रण १९३९ पासून आपल्या अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली सुरू झाले. त्याच नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात गुणाकाराची अशी उदाहरणे आहेत, की ज्यांचे उत्तर मोत्यांच्या हारासारखे दिसते : १५२२०७ गुणिले ७३ म्हणजे ११११११११.

प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की अनुयोगद्वाराच्या या प्रकरणी मूळ संख्येची चर्चा नाही, आणि आजच्या शोधाचे श्रेय प्राचीन ग्रंथांच्या पदरी टाकण्याचे कारणही नाही. पण भाषा आपल्या ओळखीची आहे. २०२४ मध्ये सापडलेल्या संख्येत एक मिळविला, तर येणाऱ्या संख्येचे अर्धच्छेद १३,६२,७९,८४१ आहेत. आणि संगणकाच्या द्विमान लिपीत ती मूळ संख्या लिहिली, तर १३ कोटींहून अधिक एकांचा एकच अखंड हार होतो. कारण सर्व वजने पारड्यात आहेत, एकही बाहेर नाही.

थोरांचा शब्द आणि कागदावरचा हिशेब

या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हा पॅरिसचा धर्मोपदेशक आणि विद्वान. युरोपभरच्या गणितज्ञांशी त्याचा पत्रव्यवहार असे. १६४४ मध्ये त्याने छापून टाकले, की २५७ पर्यंतच्या वजनसंख्यांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांचीच बेरीज मूळ असते. यातील शेवटच्या संख्येत ७८ अंक आहेत. त्या काळी ती तपासण्याचे साधन कोणापाशीही नव्हते. स्वतः मर्सेनपाशीही नव्हते. तरी थोर माणसाचा शब्द म्हणून यादी चालत राहिली.

ऑयलरने १७७२ मध्ये ३१ वजनांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ ही मूळ असल्याचे सिद्ध केले. त्याच्या कामी एक जुना नियम आला, जो फर्माने १६४० मध्ये शोधला होता : वजनांची मूळ संख्या p असेल, तर बेरजेचा कोणताही मूळ विभाजक २p च्या पटीहून एकने अधिक असतो. अकराच्या उदाहरणात २३ म्हणजे बावीस अधिक एक, आणि ८९ म्हणजे अठ्ठ्याऐंशी अधिक एक. या नियमाने संशयितांची यादी एकदम लहान होते.

पुढची झेप फ्रान्सच्या एदुआर ल्युकाची. १८७६ मध्ये त्याने विभाजक न शोधताच निर्णय देणारी कसोटी काढली. तिच्या आधारे १२७ वजनांची बेरीज मूळ ठरली : १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही ३९ अंकी संख्या पुढील पंचाहत्तर वर्षे जगातील सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. त्याच वर्षी ल्युकाने असेही दाखविले, की मर्सेनच्या यादीतील ६७ चूक आहे. बेरीज फुटते हे कळले. पण कोणत्या संख्यांनी फुटते हे कोणालाच ठाऊक नव्हते. वहीत चूक आहे हे सिद्ध झाले, चुकीची नोंद मात्र सापडत नव्हती.

ती सापडली १९०३ मध्ये. अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल एका सभेत फळ्यापाशी गेले. एका बाजूस त्यांनी दोनचा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ असा गुणाकार मांडून तो शेवटपर्यंत केला. दोन्ही उत्तरे एक निघाली. एक शब्दही न उच्चारता ते जागेवर जाऊन बसले, आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला, असे सांगतात. या शोधास तीन वर्षांचे रविवार लागले, असे कोल म्हणाल्याचीही आख्यायिका आहे.

नवाचा ताळा जाणणाऱ्यांनी हा गुणाकार पडताळून पाहावा. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे शेवटी १. दुसरीची ६४, म्हणजे तीही १. उत्तराच्या अंकांची बेरीज १०९, म्हणजे पुन्हा १. ताळा जमतो.

मर्सेनच्या यादीचा पूर्ण हिशेब लागायला १९४७ साल उजाडले. ६७ आणि २५७ चुकीने आत आले होते. ६१, ८९ आणि १०७ चुकीने बाहेर राहिले होते. पाच चुका निघण्यास तीनशे वर्षे लागली. तरीही नाव मर्सेनचेच राहिले, कारण प्रश्न योग्य होता. दोष एवढाच, की अंदाजाची नोंद जमेच्या बाजूस पक्क्या शाईने झाली.

कागदावर करता येणारी कसोटी

ल्युकाची कसोटी अमेरिकन गणिती डेरिक लेहमर यांनी १९३० च्या सुमारास अधिक सुबक केली. ती इतकी सोपी आहे, की १२७ साठी आपणही करून पाहू शकतो. चारपासून आरंभ करावा. संख्येचा वर्ग करावा, त्यातून दोन वजा करावेत, आणि १२७ ने भागून बाकी तेवढी ठेवावी. हीच कृती वजनांच्या संख्येहून दोन कमी इतक्या वेळा करावयाची. वजने सात, म्हणून पाच वेळा.

चारचा वर्ग १६, वजा दोन, १४. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन १९४, बाकी ६७. सदुसष्टचा वर्ग ४४८९, वजा दोन ४४८७, बाकी ४२. बेचाळीसचा वर्ग १७६४, वजा दोन १७६२, बाकी १११. एकशे अकराचा वर्ग १२३२१, वजा दोन १२३१९. आणि १२३१९ म्हणजे १२७ गुणिले ९७. बाकी शून्य! शेवटी शून्य आले, तर संख्या निश्चित मूळ. न आले, तर निश्चित मूळ नाही. अकरा वजनांच्या २०४७ साठी हीच कृती नऊ वेळा केली तर शेवटी १७३६ उरतात. म्हणजे २३ आणि ८९ यांची नावेही न घेता तिचे संयुक्त असणे सिद्ध होते.

२०२४ च्या संख्येसाठी हीच कृती १३,६२,७९,८३९ वेळा करावी लागते, आणि प्रत्येक वेळी वर्ग करावयाचा तो कोट्यवधी अंकी संख्येचा. हे काम १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी उभारलेल्या ‘गिम्प्स’ या स्वयंसेवी प्रकल्पातून चालते. जगभरचे लोक आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ त्यास देतात. अमेरिकेतील ल्यूक ड्युरांट यांनी सतरा देशांत पसरलेले शक्तिशाली संगणक या कामी जुंपले. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधील यंत्राने ही संख्या ‘बहुधा मूळ’ असल्याचे कळविले.

‘बहुधा’ हा शब्द येथे मोलाचा आहे. पहिली चाचणी नवाच्या ताळ्यासारखी असते : ती जमली नाही तर चूक नक्की, जमली तर बरोबर असण्याची दाट शक्यता, पण खात्री नव्हे. अंकांची अदलाबदल झाली तरी नवाचा ताळा जमतो, हे प्रत्येक दिवाणजीस ठाऊक असते. म्हणून दुसऱ्या दिवशी टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील यंत्राने लेहमरची पूर्ण कसोटी पार पाडली. नंतर वेगळ्या आज्ञावल्यांनी आणि वेगळ्या यंत्रांवर फेरतपासणी झाली, आणि मगच २१ ऑक्टोबरला घोषणा करण्यात आली. या शोधाचे पारितोषिक तीन हजार डॉलर. तेही ड्युरांट यांनी आपल्या जुन्या शाळेच्या गणित विभागास देण्याचे ठरविले.

न पाहता ओळखलेली

ही संख्या कोणी आद्यंत वाचलेली नाही. तरी तिच्याविषयी आपल्याला आश्चर्य वाटावे इतके सांगता येते. दोनच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. १३,६२,७९,८४१ ला चारने भागता बाकी एक उरते, म्हणून तो घात २ ने संपतो आणि आपली संख्या १ ने. नऊने भागता दोनच्या घातांच्या बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा सहांच्या चक्रात येतात. घातांकास सहाने भागले की ५ उरतात, म्हणून घाताची बाकी ५ आणि आपल्या संख्येची ४. चार कोटी अंकांचा नवाचा ताळा ४ आहे, तोही कागदाच्या चिठोऱ्यावर निघाला.

आणखी एक. पहिली तीन वजने (१, २, ४) सोडली तर पुढील प्रत्येक वजन आठच्या पटीत आहे. म्हणून या संख्येस आठने भागता नेमके ७ उरतात. कोणत्याही वर्गसंख्येस आठने भागले तर बाकी ०, १ किंवा ४ च येते, आणि यांतील कोणत्याही तिनांची बेरीज करून सात उरत नाहीत. तेव्हा ही संख्या तीन वर्गांच्या बेरजेने कधीच होणार नाही. चार वर्ग लागणारच. चार वर्ग प्रत्येक संख्येस पुरतात, हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलेले आहे.

उपयोग काय?

व्यापाऱ्याने हा प्रश्न विचारावा हे रास्तच आहे. उत्तर सरळ द्यायचे तर या विशिष्ट संख्येचा व्यवहारात आज काही उपयोग नाही. महाजालावरील गुप्त व्यवहारांत मूळ संख्यांची कुलुपे वापरतात खरी. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी ती रीत दिली. पण त्या कुलुपात सुमारे तीनशे अंकी दोन मूळ संख्या गुपचूप निवडून त्यांचा गुणाकार तेवढा उघड करतात. गुणाकार करणे सोपे, उलट फोड करणे अतिशय अवघड. कोलच्या तीन वर्षांच्या रविवारांत जो कष्ट होता, तोच येथे राखणदार आहे. साऱ्या जगाला ठाऊक असलेली संख्या अशा कुलुपास निरुपयोगी. मात्र तिची धाकटी बहीण कामी आली आहे : ५२१ वजनांची बेरीज १९५२ मध्ये मूळ ठरली तेव्हा तिचाही उपयोग कोणी सांगू शकले नसते, आज वक्राधारित गुप्तलेखनाच्या एका प्रमाणित पद्धतीचा ती पाया आहे. मोठी संख्या मूळ आहे की नाही हे वेगाने ठरविता येते, याची सर्वसाधारण सिद्धता २००२ मध्ये कानपूरच्या मनिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली, ही आपल्या अभिमानाची गोष्ट.

आणि एक लाभ थेट ताळ्याचा. १९९४ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांची गणिते करीत होते. दोन यंत्रांची उत्तरे जुळेनात. त्यांनी महिनोन्‌महिने शोध घेतला, आणि दोष निघाला तो जगप्रसिद्ध संगणकचिपच्या भागाकारात. निर्मात्यांना चिप बदलून देण्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसावा लागला. लाखो लोक तीच चिप वापरीत होते. चूक दिसली ती ज्याने ताळा सोडला नाही त्याला.

घरातील मुले सुट्टीत रिकामी असतील, तेव्हा त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवून चारपासून आरंभ करण्यास सांगावे : वर्ग, वजा दोन, १२७ ने भागून बाकी. पाच पायऱ्यांनंतर शून्य आले की त्यांना जे वाटेल, त्यासाठीच माणसे तेरा कोटी पायऱ्या चढतात. शून्य न आल्यास रागावू नये. कोठेतरी एक नोंद चुकली आहे, ती त्यांनाच शोधू द्यावी.